निळ्या पेशी

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, कॉलेजात जिच्याबरोबर रोज डबा खाते त्या मैत्रिणीलाही नाही. मग तुम्हाला का? – तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. शहाद्याच्या बाजारात मी समोरून आले तरी तुम्हाला कळणार नाही, की हीच ती.

गोष्ट तशी एका वाक्याची आहे. पण ते वाक्य लगेच निघत नाही. आधी लीलाकाकूंबद्दल सांगते.

लीलाकाकू म्हणजे आमच्या गणिताच्या सरांची बायको. सर पुरुषोत्तमनगरला शिकवायचे आणि राहायचे लोणखेड्याला. दहावीच्या वर्षी आम्ही सात-आठ पोरंपोरी सकाळी त्यांच्या ओट्यावर गणितं सोडवायला बसायचो. कोण घरून न खाता आलंय हे काकूंना नुसतं तोंड बघून कळायचं. त्याच्यापुढे काही न बोलता भाकरी आणि मिरचीचा ठेचा यायचा. बारावी झाल्यावर माझे वडील म्हणाले, आता पुरे, मुलीला किती शिकवायचं. हे काकूंच्या कानावर गेलं. त्या एसटीने आमच्या गावी आल्या, थेट मळ्यात गेल्या आणि केळीच्या बांधावर वडिलांसमोर बसल्या. वडील हो म्हणेपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत. दुपार गेली, चार वाजले. शेवटी वडीलच म्हणाले, बरं, शिकू द्या तिला.

मी एम.एस्सी. झाले, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागले, ते त्या दुपारमुळे. हे आधी सांगितलं, कारण मी जे केलं ते कुणाच्या बाबतीत केलं, ते तुम्हाला माहीत असावं.

नोकरी लागल्यावर मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय घेतला आंबील. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून आंबवायचं, मग शिजवून प्यायचं – आपल्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही. पण ते पीठ आंबत असताना त्यातले जंतू कितीतरी बारीक बारीक द्रव्यं तयार करतात. त्या द्रव्यांचा मेंदूतल्या पेशींवर काय परिणाम होतो ते मला बघायचं होतं.

मेंदूची राखण करणाऱ्या काही पेशी असतात. मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. काही बिघडलं की त्या खवळतात, दाह पसरवणारी द्रव्यं सोडतात. थोडा वेळ खवळणं चांगलंच, त्याने घाण साफ होते. पण त्या शांतच झाल्या नाहीत तर शेजारच्या धडधाकट पेशींना झळ लागते. म्हातारपणी आठवण जाते त्यामागे हेही एक कारण असावं, असं मानतात. आणि आंबवलेल्या अन्नातली काही द्रव्यं या पेशींना थंड करत असावीत, यावर ठिकठिकाणी काम चालू आहे. यातलं काही खोटं नाही. खोटं वागले ती मी.

आंबिलीचे नमुने मी सातपुड्यातून आणले. त्यातला एक काठी गावाजवळच्या पाड्यावरच्या वेस्तीबाईंचा. त्यांच्या घरी आंबिलीचं मडकं कधी रिकामं होत नाही. जुन्यातलं थोडं नव्यात, असं त्यांच्या सासूच्या वेळेपासून चालत आलेलं. हे कशाला नेता, असं त्यांनी मोडक्या मराठीत विचारलं. मी म्हटलं, डोक्याच्या आजारावर, विसरायला होतं त्यावर काही उपयोग होतो का ते बघायचंय. त्या हसल्या. म्हणाल्या, माझी सासू जन्मभर हेच प्यायली आणि शेवटी नाल्यावरून घरी यायची वाट विसरली.

माझ्याजवळ वही होती. मडकं किती जुनं, ज्वारी कुठली, किती वेळ आंबवता – सगळं लिहून घेतलं. सासूचं लिहिलं नाही.

पेशींचं काम आमच्या कॉलेजात होण्यासारखं नव्हतं. त्यासाठी मी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत महिन्यातून तीन-चार दिवस जायचे. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, त्यांना मुद्दाम डिवचायचं, मग आंबिलीचा गाळलेला अर्क घालायचा आणि दाह किती झाला ते मोजायचं. पहिल्याच फेरीत वेस्तीबाईंच्या आंबिलीने दाह जवळजवळ नाहीसा झाला. मी तो आलेख तीन वेळा तपासला. परतीच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते, शेजारची बाई बघायला लागली.

एक तपासणी मात्र मी केली नव्हती. ती पुढे येईल.

त्या हिवाळ्यात कॉलेजात विज्ञानावरचा कार्यक्रम होता, त्यात मी हे सांगितलं. जपून सांगितलं, असं मला वाटत होतं. एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली: सातपुड्याची आंबील विसराळूपणावर गुणकारी. मी असं म्हटलं नव्हतं. पण मी फोन करून ती दुरुस्तही केली नाही. का करायची होती? लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले होते. आंबीलवाल्या मॅडम म्हणायला लागले. माझ्या वडिलांनी ते कात्रण कापून देवघराशेजारी चिकटवलं.

चार दिवसांनी सर घरी आले. हातात तीच बातमी, घडी घातलेली. खुर्चीच्या अगदी काठावर बसले – माझ्या घरात, माझेच सर. काकूंना विसरायला होतं, म्हणाले. गॅसवर दूध ठेवतात आणि दारात जाऊन उभ्या राहतात. मुलीचं नाव आठवायला वेळ लागतो. म्हणाले, वय झालं असं मी धरून चाललो होतो, पण तुझं वाचलं आणि बरं वाटलं.

मी त्यांना आंबील कशी करायची ते लिहून दिलं. वेस्तीबाईंच्या मडक्यातलं विरजणही दिलं. तेव्हा माझा स्वतःचा विश्वास होता, हे खरं आहे. त्या दिवसाबद्दल मला फार काही म्हणायचं नाही.

त्यानंतर सर रोज सकाळी काकूंना आंबील करून द्यायला लागले. ज्या माणसाने जन्मात चहासुद्धा केला नव्हता, तो पहाटे उठून पीठ कालवायचा. मी दर रविवारी जायचे. काकू वाटी दोन्ही हातांनी धरून हळूहळू प्यायच्या आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसायच्या. नाव येत नव्हतं, पण माणूस आपलं आहे एवढं त्यांना कळायचं. सर वहीत लिहायचे – आज मुलीचं नाव सांगितलं, आज नाही सांगितलं. ती वही मला दाखवायचे. गणिताच्या मास्तरांनी माझ्याकडून वही तपासून घ्यायची – तुम्हाला सांगते, मला ते आवडायचं.

चैत्र आला. आपल्याकडचा चैत्र कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे, दुपारी अकरानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आणि काकू स्वेटर घालून बसलेल्या. पंखा बंद. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, एक शब्द बोलून दुसरा काढायला इतका वेळ, की मध्ये आपणच बोलून टाकावं. मी हे पाहिलं. मी शरीरशास्त्र शिकलेली बाई, मी हे सगळं पाहिलं.

आणि अशाच एका रविवारी सर माझ्याकडे आले. त्यांच्या मुलीचा, सुनीताचा, सुरतेहून फोन आला होता. तिकडे मेंदूचे चांगले डॉक्टर आहेत, रक्ताच्या सगळ्या तपासण्या करू, आईला घेऊन या म्हणत होती. सरांनी मला विचारलं:

"शुभा, तिले सुरतले लई जाऊ का? का आंबीलच चालू ठेवू? तू सांगशी तसं करसू."

मी त्यांच्याशी कायम अहिराणीतच बोलते. लहानपणापासून. त्या दिवशी मी पुस्तकातल्या मराठीत बोलले.

"सर, घाई नको. अजून दोन-तीन महिने बघू. पेशींना वेळ लागतो."

सरांनी मान हलवली. गणिताचं उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशी. आणि घरी जाऊन सुनीताला सांगितलं, शुभा म्हणते थांबा.

त्यानंतर मी प्रयोगशाळेत गेले आणि राहिलेली ती तपासणी केली. पेशींना एक निळा रंग द्यायचा असतो. जिवंत पेशी तो आत घेत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसते. मेलेली पेशी निळी होते. ही तपासणी सगळ्यात आधी करायची असते. मी घाईत ती मागे टाकली होती. अर्क घातलेली बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि जिकडे बघावं तिकडे निळं. अर्क आंबट होता, त्या आंबटपणाने पेशी मेल्या होत्या. शांत झाल्या नव्हत्या. मेलेल्या पेशी कसला दाह पसरवणार? आंबटपणा काढून टाकून पुन्हा केलं, तर वेस्तीबाईंच्या आंबिलीने काहीच होत नव्हतं.

माझ्या मार्गदर्शकांना मी हे लगेच सांगितलं. त्यांनी ते प्रकरण वगळायला लावलं. माझा प्रबंध आंबिलीतल्या जंतूंवर झाला, त्यात एकही खोटा आकडा नाही. कागदावर मी प्रामाणिक आहे. हवं तर कुणीही तपासावं.

सरांना मात्र मी काही सांगितलं नाही.

दोन महिने झाले, तीन झाले. सर मला पुन्हा विचारत नव्हते, कारण मी सांगेन असं त्यांना वाटत होतं. श्रावणात काकूंची आई गेली. तळोद्याकडच्या एका गावात त्या म्हातारीचं घर होतं, नव्वदीच्या पुढची बाई. सरांबरोबर मीही गेले. काकूंना आईच्या पायाशी बसवलं. त्या बसल्या. इकडे तिकडे बघत होत्या. आज इतकी माणसं कशाला आली, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, काकू, तुमची आई गेली. त्यांनी हो म्हटलं आणि थोड्या वेळाने चहा मागितला. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. सरांनी काकूंच्या अंगावरची शाल सारखी केली.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, नाही? परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी सरांच्या शेजारीच होते. दीड तासाचा रस्ता. मी बाहेर बघत बसले.

होळीला सुनीता आली. आईला बघून ती कुणाला काही विचारायला थांबलीच नाही. दुसऱ्या दिवशी गाडी केली आणि सुरतेला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी काकूंचा हात हातात घेतला, चेहऱ्याकडे बघितलं, आणि मेंदूचं काही करायच्या आधी रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड. ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. त्याने माणूस असाच होतो – सुजतो, थंडीने काकडतो, सावकाश होत होत विसरून जातो. त्यावर गोळी आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक, इवलीशी. सर मला म्हणाले, डॉक्टर विचारत होते, इतके दिवस कुठे होतात?

चैत्रापासून होळीपर्यंत. अकरा महिने. ही मोजणी मी केलेली आहे, सरांनी नाही.

काकू सावरल्या. पूर्ण नाही, काही गोष्टी गेल्या त्या गेल्या. हिशेबाला बोटं मोजावी लागतात, शिवणयंत्रात दोरा ओवणं आता जमत नाही. पण दिवाळीपर्यंत त्या स्वयंपाकघरात उभ्या राहून सरांना ओरडत होत्या, की पिठाचा डबा कुठे ठेवला. सर ते ऐकून हसत होते आणि डोळे पुसत होते. मग ओट्यावर येऊन त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुन्ही आंबीलनी तिले धरी ठेवं, बेटा. नही तं सुरतले जाईपावत ती ऱ्हाती नही."

तुझ्या आंबिलीने तिला धरून ठेवलं, नाहीतर सुरतेला जाईपर्यंत ती राहिली नसती, असं ते म्हणत होते. आणि मी – मी म्हटलं, असं काही नाही सर, जसं आपण कुणी कौतुक केल्यावर म्हणतो. त्यांना तो माझा नम्रपणा वाटला. सर अजूनही चार माणसांत हे सांगतात. त्यांच्याकडून ऐकून लोक माझ्याकडे येतात. आलेल्या प्रत्येकाला मी आता आधी डॉक्टरकडे पाठवते, रक्त तपासा म्हणते. पण सरांचं सांगणं मी थांबवलेलं नाही.

आता ते वाक्य.

मघाशी मी म्हटलं, की सरांना थांबा म्हणून सांगितलं आणि त्यानंतर निळ्या पेशी पाहिल्या. तसं झालेलं नाही. इथेसुद्धा, तुमच्याजवळसुद्धा, मी क्रम फिरवला. निळ्या पेशी मी मंगळवारी पाहिल्या. सर माझ्याकडे आले त्यानंतरच्या रविवारी.

म्हणजे पेशींना वेळ लागतो असं मी म्हटलं, तेव्हा त्या मेलेल्या आहेत हे मला पाच दिवस माहीत होतं.

आणि स्वेटर? थायरॉइडचा विचार माझ्या मनात आला होता का? आला होता. सर दारातून आत येण्याआधीपासून आला होता. तो खरा निघाला तर सुरतेच्या कागदावर येईल, आंबील कशालाच लागू पडत नव्हती हे सरांना कळेल, मग गावाला, मग माझ्या वडिलांना, ज्यांनी ते कात्रण देवघराशेजारी लावलंय – हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. किती वेळ लागला असेल? सरांचं वाक्य संपून माझं सुरू होईपर्यंत, तेवढाच. मी घाबरले होते का? हो. पण घाबरलेल्या माणसाचा आवाज कापतो. माझा कापला नाही. चांगला स्पष्ट होता, वर्गात असतो तसा.

आणखी एकच गोष्ट आहे, ती सांगून थांबते.

मागच्या उन्हाळ्यात मी काकूंकडे गेले होते. सर बाहेर गेलेले. काकू ओट्यावर सुपात गहू निवडत होत्या. निवडता निवडता त्यांचा हात थांबला आणि त्यांनी मला विचारलं:

"मन्ही माय कव्हय गयी?"

आई कधी गेली, असं. ती गेल्याचं त्यांना बरं वाटायला लागल्यावर सरांनी सांगितलं होतं, एकदा नाही, दोनदा. माहीत होतं त्यांना. पण दिवस आठवत नव्हता, काहीच आठवत नव्हतं. आपण तिथे होतो हे लोक सांगतात, म्हणाल्या, पण त्यांना स्वतःला त्या जागी बघताच येत नव्हतं. आपल्या आईला आपण नीट रडलोसुद्धा नाही, म्हणाल्या. मग माझा हात धरला.

"तू व्हती ना तठे? माले सम्दं सांग."

मी सांगितलं. श्रावणातला सोमवार होता, पाऊस उघडला होता. म्हातारीला हिरवं लुगडं नेसवलं होतं, तिने स्वतःच पेटीत काढून ठेवलेलं. चेहऱ्यावर त्रास दिसत नव्हता, झोपल्यासारखी होती. तुम्ही पायाशी बसला होता. तुमचा हात तिच्या पायावर होता, बराच वेळ होता. हे सगळं खरं होतं. चहाचं मी सांगितलं नाही. आणि त्या दिवशी तुम्ही तिथे असूनही का नव्हता, तेही सांगितलं नाही.

काकू रडल्या. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्या काल गेल्यासारख्या रडल्या, सूप मांडीवर तसंच, गव्हाचे दाणे खाली सांडत होते. मी त्यांची पाठ चोळत राहिले. शांत झाल्यावर पदराने तोंड पुसलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, तू व्हती म्हणीसन माले समजनं. तू होतीस म्हणून मला कळलं.

मी मान हलवली. सांडलेले गहू गोळा करून सुपात टाकले. त्यांनी केलेला चहा प्यायले आणि घरी आले.